निम्मा सोडा कुठं सांडलास?

या आठवणींच्या अंकात गॅदरिंगचं आणि सामन्यांचं बाकीचे लिहितीलच. मला आठवते ती अकरावीची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. खिडकीबाहेर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांची खडखड आणि आत ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीच्या, तोटीवर डोळे लावून उभे असलेले आम्ही. वरून थेंब थेंब अ‍ॅसिड सोडायचं; खालच्या सोड्यातल्या फिनॉल्फथॅलीनचा गुलाबी रंग, सोडा संपला की, एका थेंबात जातो. थेंब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी 10 मिली कॉस्टिक सोड्याला माझी तिन्ही रीडिंग 8.2 मिली अ‍ॅसिडची आली. (खरं तर दोन आली, तिसरं मी आणलं.) एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू (तीव्रता गुणिले मिली, दोन्हीकडे सारखं) तोंडपाठ होतं. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या बाटलीवर 0.1 एम लिहिलेलं. एम म्हणजे लिटरमागे किती मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक), एन म्हणजे त्यांची क्रिया करायची ताकद. मी एमलाच एन समजून आकडे कोंबले आणि सोड्याची तीव्रता 0.082 काढून मोकळा झालो. सरांनी वही पाहिली. "निम्मा सोडा कुठं सांडलास रे?"

सूत्रावर त्यांनी लाल काट मारली आणि समीकरण लिहायला लावलं. अ‍ॅसिडच्या एका रेणूला सोड्याचे दोन लागतात. अ‍ॅसिड 0.82 मिलिमोल, म्हणजे सोडा 1.64, तो 10 मिलीत, म्हणून 0.164 एम. तेव्हा रागच आला होता.

पुढं एका डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, लागलो. टॉवेलचं सूत, पाणी बोअरचं. पाणी जड असलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडा अ‍ॅशबरोबर (धुण्याच्या सोड्याबरोबर) साका होऊन सुतावर बसतं आणि शेड डागाळते. तसंच होत होतं, पण तक्त्यात जडपणा लिटरला 215 मिलिग्रॅमच. मी स्वतः टायट्रेशन, म्हणजे तीच ब्युरेटची मोजणी, केलं. 50 मिली पाणी, आणि ब्युरेटमध्ये जडपणा मोजायचं द्रावण, 0.01 एम ईडीटीए. लालसर रंग निळा झाला 21.5 मिलीला. भिंतीवरचा कागद सांगत होता, 'दहानं गुणा'. तो हिशेब 100 मिली नमुन्याचा! पाणी 50 मिलीच घेत होते. खरा जडपणा लिटरला 430 मिलिग्रॅम. इथंही निम्मंच सांडलेलं, आणि छापील कागद म्हणून कुणी विचारलंही नव्हतं.

आता म्हणतात, मीटर आहेत, पोरांना ही आकडेमोड कशाला? नुसते सूत्रात आकडे टाकून मार्क घ्यायचे असतील तर खुशाल काढून टाका. पण समीकरणापासून उत्तरापर्यंत एकदा तरी आपल्या हातानं चालत जायला हवं. नाहीतर कागदावरचा दहा कुठून आला, हे विचारायचंसुद्धा सुचत नाही.

हे सांगायला सरांकडे गेलो, तेव्हा ते निवृत्त होऊन शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिसरं रीडिंग तरी खरं घेतलंस का या वेळी?"