मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम: दोन अर्धायुष्यांचा हिशोब

किरणोत्सर्गी ऱ्हास शिकवताना बहुतेक जण युरेनियमपासून सुरुवात करतात. तिथला हिशोब छान जमतो: युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ पर्यंत वस्तुमानांक ३२ ने घटतो, म्हणजे ८ अल्फा कण. त्यामुळे अणुअंक ९२ वरून ७६ वर यायला हवा होता, पण शिशाचा आहे ८२, म्हणून ६ बीटा. पण साडेचारशे कोटी वर्षांचं अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) डोळ्यांसमोर कसं आणणार? माझ्या मते त्यापेक्षा रुग्णालयातला टेक्नेशियम जनरेटर बरा, म्हणजे स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सर्गी टेक्नेशियम मॉलिब्डेनमपासून मिळवून देणारं उपकरण. त्यात सगळं एका दिवसात घडतं.

मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास. बीटा कण बाहेर टाकून त्याचं टेक्नेशियम होतं. सुमारे ८८ टक्के वेळा ते टेक्नेशियम-९९एम या उत्तेजित अवस्थेत थांबतं, उरलेल्या वेळी थेट टेक्नेशियम-९९ बनतं. ९९एम १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडून शांत होतं. त्यात अणुअंकही बदलत नाही, वस्तुमानांकही नाही. त्याचं अर्धायुष्य ६ तास.

जनरेटरमध्ये अ‍ॅल्युमिनाचा छोटा स्तंभ असतो. मॉलिब्डेनम त्यात मॉलिब्डेट आयनाच्या रूपात असतं; त्यावर दोन ऋण प्रभार, तो अ‍ॅल्युमिनाला घट्ट धरून राहतो. टेक्नेशियमच्या परटेक्नेटेट आयनावर एकच, त्यामुळे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी सोडलं की तो धुऊन निघतो. धुतल्यावर टेक्नेशियम पुन्हा साठू लागतं. ते जास्तीत जास्त होतं सुमारे २३ तासांनी, म्हणून रोज सकाळी एकदा धुण्याची पद्धत. घाई असेल तर ६ तासांनीही त्या कमाल पातळीच्या ६० टक्के मिळतं. मॉलिब्डेनम स्वतःही दिवसाला २२ टक्क्यांनी घटत असतं, तेव्हा शुक्रवारी सोमवारइतकं मिळेल अशी आशा धरू नये.

आता आकडेमोड. ऱ्हास स्थिरांक म्हणजे ०.६९३ भागिले अर्धायुष्य. टेक्नेशियमसाठी तासाला ०.११५. सकाळी ८ वाजता १००० मेगाबेकरेल (एक मेगाबेकरेल म्हणजे सेकंदाला दहा लाख ऱ्हास) असेल तर दुपारी १ वाजता ५६२ उरतं. ‘६ तासांत ५०० जातात, तर ५ तासांत ४१७’ असं त्रैराशिक मांडलं की उत्तर ५८३ येतं. ऱ्हास सरळ रेषेत होत नाही. जितके अणू उरलेत त्या प्रमाणात होतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे स्थिरांक तासांचा आणि वेळ मिनिटांत.

आणि हे १००० मेगाबेकरेल वजनाला किती? सुमारे ५ नॅनोग्रॅम. तराजूचं इथे काही काम नाही.

वजन नगण्य असल्यामुळे एक वेगळीच अडचण येते. टेक्नेशियम-९९ चं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते आणि ९९एम एकच. जनरेटर दोन-तीन दिवस न धुता पडला की स्तंभात हे ‘थंड’ टेक्नेशियम साठतं. स्कॅनच्या गॅमा कॅमेऱ्याला ते दिसत नाही, पण किटमधलं (ज्या कुपीत टेक्नेशियम मिसळून इंजेक्शन बनवतात तिच्यातलं) स्टॅनस क्लोराइड, जे टेक्नेशियमला औषधाशी जोडायला लागतं, ते मात्र खातं. स्टॅनस आधीच मोजकं, त्यात कुपीत हवा शिरली तर ते आणखी घटतं. मग औषधाशी न जोडलेलं मुक्त परटेक्नेटेट उरतं आणि अस्थी-स्कॅनमध्ये थायरॉइड व जठर उजळतं. सुट्टीनंतरचं पहिलं द्रावण म्हणूनच टाकून द्यावं आणि काही तासांनी पुन्हा धुवावं.

राहता राहिलं मॉलिब्डेनम गळणं, म्हणजे धुताना थोडं मॉलिब्डेनमही स्तंभातून द्रावणात येणं. मॉलिब्डेनमचे गॅमा ७४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे, ते ६ मिलिमीटर शिशातून बऱ्यापैकी पार होतात. टेक्नेशियमचे जवळजवळ सगळे अडतात. त्यामुळे कुपी शिशाच्या भांड्यात ठेवून मोजली की मॉलिब्डेनम कळतं, भांड्याबाहेर मोजली की टेक्नेशियम. अमेरिकेतली मर्यादा दर मेगाबेकरेल टेक्नेशियममागे ०.१५ किलोबेकरेल मॉलिब्डेनम, आणि ती लागू होते इंजेक्शन देण्याच्या क्षणी. टेक्नेशियम लवकर घटतं, मॉलिब्डेनम सावकाश, म्हणून हे गुणोत्तर तासागणिक चढत जातं. सकाळी ८ ला ०.०८ आलेली कुपी निर्धोक वाटते. दुपारी २ वाजता ती ०.१५ वर पोचलेली असते आणि त्यानंतर ती वापरता येत नाही.