फ्रेंचचं ‘सों-सा’ आणि इंग्रजीतून शिकवण्याचा हट्ट

डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा, तिची बी-१ पातळी मी पास झाले, पण एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. पुण्यातल्या आमच्या क्लासमध्ये बहुतेक सगळे मराठी बोलणारे, शिकवणाऱ्या मॅडमही मराठीच. तरी फ्रेंचचं व्याकरण यायचं ते इंग्रजीतून. क्रियापदं, अंक, वेळ सांगणं यात काही अडलं नाही. अडलं ते सर्वनामांपाशी.

‘सों म्हणजे हिज, सा म्हणजे हर,’ असं फळ्यावर लिहिलं गेलं आणि आम्ही ते वहीत उतरवलं. पुढच्या धड्यात पिएरची आई आली, ‘सा मेर’. मग मारीचा भाऊ आला, ‘सों फ्रेर’. पिएर मुलगा, मग ‘सा’ कशी? मी विचारलं. ‘मेर स्त्रीलिंगी आहे ना! पाठ करा, सवयीने येईल.’ एवढ्यावर विषय संपला. फळ्यावरचं ते समीकरण मात्र कुणी पुसलं नाही. पुढचे कित्येक आठवडे वर्गातली हुशार मुलंसुद्धा प्रत्येक वाक्यात आधी मालक बाई की पुरुष ते शोधायची आणि मग ‘सों’ की ‘सा’ ठरवायची. फ्रेंचला मालकाशी काही देणंघेणंच नाही, हे कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं.

आणि सांगायला मराठी पुरेशी होती. ‘त्याची आई’ म्हणताना आपण एकाच शब्दात दोन लिंगं सांगतो: ‘त्या’ मुलाचं, ‘ची’ आईचं. ‘तिचा भाऊ’मध्ये ‘ति’ बहिणीचं, ‘चा’ भावाचं. इंग्रजीने यातला पहिला तुकडा ठेवला, म्हणून आई असो की भाऊ, पिएरचं सगळं ‘हिज’. फ्रेंचने शेवटचा ठेवला, म्हणून आई पिएरची असो की मारीची, ‘सा मेर’च. ‘चा’ला ‘सों’, ‘ची’ला ‘सा’, आणि वस्तू अनेक असतील तर लिंग कुठलंही असो, ‘से’. मराठीतलं नपुंसकलिंग फ्रेंचमध्ये नाही. त्यामुळे आपलं ‘घर’ तिकडे स्त्रीलिंगी, ‘मेझों’, आणि ‘पुस्तक’ पुल्लिंगी, ‘लिव्र’. तेवढं शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं. पण किल्लीला ‘ती’ म्हणण्यात मराठी माणसाला नवल वाटायचं कारणच नाही. किल्ली म्हणजे ‘क्ले’ फ्रेंचमध्येही ‘एल’च, म्हणजे ‘ती’च आहे. इंग्रजीतून विचार केला की तिथे ‘इट’ आडवं येतं.

एक अपवाद आहे. स्त्रीलिंगी शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘सा’च्या जागी ‘सों’ येतं, म्हणून शाळा ‘सों एकॉल’. दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत एवढंच त्याचं कारण, शाळेचं लिंग बदलत नाही. आणि भाऊ नक्की तिचाच हे ठासून सांगायचं असेल तर ‘सों फ्रेर आ एल’ म्हणतात.

‘लुई’चंही असंच. ‘ज लुई पार्ल’ म्हणजे मी त्याच्याशी बोलते किंवा तिच्याशी बोलते, दोन्ही. संदर्भावरून घ्यायचं. पण ‘आव्हेक लुई’ (त्याच्याबरोबर) म्हटलं की तो पुरुषच, बाई असेल तर ‘आव्हेक एल’.

भूतकाळाचा धडा आला तेव्हा मात्र मला मराठीचा खरा अभिमान वाटला. ‘मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली’ हे आपण न शिकता बोलतो, म्हणजे क्रियापद कर्मामागे जातं. ‘आव्हवार’ (असणं, जवळ असणं) या साहाय्यक क्रियापदावर चालणाऱ्या क्रियापदांत फ्रेंचही हेच करते, फक्त कर्म आधी आलं तरच. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ असेल तर ‘एक्रीत’, शेवटचा ‘त’ ऐकू येतो. पुस्तक असेल तर नुसतं ‘एक्री’. या नियमाला वर्गात सगळे घाबरायचे, मला तो ओळखीचा वाटला.

परीक्षेत लेखन, वाचन, ऐकणं, बोलणं प्रत्येकी 25 गुणांचं. पास व्हायला एकूण 50 आणि प्रत्येक भागात निदान 5 लागतात. लेखनात साधारण 160 शब्दांचा मजकूर असतो. शेवटची पाच मिनिटं फक्त लिंगं तपासायला ठेवा: प्रत्येक नामाला बोट लावायचं आणि त्याचं विशेषण, सर्वनाम बघायचं.

हो, आणि नामांची लिंगं पाठ करताना शेवट बघा. ‘स्तास्यों’सारखे ‘स्यों’ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, ‘आपार्तमाँ’सारखे ‘माँ’ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी. ‘व्हॉयाज’सारखे ‘आज’वालेही पुल्लिंगी, पण ‘प्लाज’ आणि ‘इमाज’ स्त्रीलिंगी आहेत, ते वेगळे लिहून ठेवा.