टाकीआधी आळे

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टक्सन शहरात राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही पन्हळीखाली २०० लिटरचे एक पिंप मोठ्या उत्साहाने आणून ठेवले. जुलैतल्या एका संध्याकाळी वीज कडाडली, धूळ उडाली आणि पाऊस असा कोसळला की दहा मिनिटांत पिंप भरून वाहू लागले. उरलेले सगळे पाणी भिंतीच्या पायाशी साचले आणि तिथून रस्त्यावर निघून गेले.

त्या रात्री मी हिशोब मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. आमचे छप्पर १२० चौरस मीटरचे असल्यामुळे २५ मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर ३,००० लिटर पाणी पडते. या शहरात वर्षाला साधारण २७० मिलिमीटरच पाऊस होतो आणि त्यातला निम्मा मॉन्सूनच्या मोजक्या सरींत येतो. म्हणजे पाणी कमी तर आहेच, पण येते तेव्हा सगळे एकदम येते.

म्हणून दुसऱ्या वर्षी मोठी टाकी घेण्याआधी आम्ही अंगणात आळी खणली. वीतभर खाली चुनखडीचा दगडासारखा थर लागला, आणि तो पहारीने फोडण्यात हिवाळ्यातले तीन शनिवार-रविवार गेले. पाणी पायात मुरू नये म्हणून आळी घरापासून तीन मीटर दूर ठेवली, तळाशी लाकडाचा भुगा आणि पालापाचोळा पसरला आणि एक आळे भरले की पाणी पुढच्यात उतरेल असा उतार काढला. एका आळ्यात मेस्किट लावले. आपल्याकडे माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीचे हे भावंड इथे मात्र मूळचे आहे आणि सावलीसाठी त्याच्यासारखे झाड नाही. पुढच्या पावसात आळी काठोकाठ भरली आणि सकाळपर्यंत पाणी पूर्ण मुरले होते. चार दिवसांनी भुगा बाजूला सारून बोट खुपसले, तर माती अजून ओली लागली.

ही युक्ती माझी नव्हे. पावसाचे पाणी साठवण्या-जिरवण्यावर पुस्तके लिहिणारे ब्रॅड लँकेस्टर यांनी याच शहरातल्या डनबार-स्प्रिंग वस्तीत पदपथाची कड कापून रस्त्यावरचे पाणी झाडांच्या आळ्यांत वळवले, तेव्हा तसे करणे बेकायदा होते. पुढे नगरपालिकेनेच त्याला परवानगी दिली. तिथे भर दुपारी चालून पाहिले की झाडांच्या सावलीचा फरक अंगाला जाणवतो.

धुण्याच्या यंत्राचे पाणीही आता आम्ही झाडांना देतो. घरगुती सांडपाण्याच्या अशा वापराला ॲरिझोनात, काही अटी पाळल्या तर, वेगळा परवाना लागत नाही. साबण मात्र मिठाचा आणि बोरॉनचा अंश नसलेला निवडावा लागतो, आणि हे पाणी भाजीच्या वाफ्यात सोडत नाही.

मला हे सारे एवढे महत्त्वाचे वाटते, कारण आमच्या नळाचे पाणी कोलोरॅडो नदीतून ५०० किलोमीटरहून लांबच्या कालव्याने, वाटेत पंपांनी शेकडो मीटर वर चढवून आणलेले असते. आणि शहराची स्वतःची सांताक्रूझ नदी भूजलाच्या उपशाने कोरडी पडली. म्हणून नळाचे असे पाणी झाडांना घालताना हात आखडतो.

टाकी आम्ही चौथ्या वर्षी घेतली, ५,००० लिटरची, घट्ट झाकणाची आणि तोंडाला डासांची जाळी बसवलेली. ती भरली की वरचे पाणी नळीतून मेस्किटच्या आळ्यात जाते. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिडी लावून पन्हळीतला कचरा काढायचा, आळ्यांचे बांध चाचपायचे आणि मग संध्याकाळी दक्षिणेकडे ढग चढतात का ते पाहत बसायचे.