सागाच्या झडपा की सागासारख्या? माझा अनुभव

खानदेशातल्या अमळनेरच्या जुन्या गावात आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. घर कोपऱ्यावरचे असल्यामुळे माडीच्या दोन खिडक्या पश्चिमेकडच्या गल्लीवर, दोन दक्षिणेच्या रस्त्यावर आणि एक मागच्या मोरीत उघडते. पहिल्या चार खिडक्यांना आजोबांच्या काळापासून झिलमिलीच्या झडपा आहेत. म्हणजे चौकटीत आडव्या पातळ पट्ट्या आणि त्या सगळ्यांना एकदम हलवणारी एक उभी दांडी. मे २०२४ मध्ये, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दोन दिवस आधी, पश्चिमेच्या एका झडपेतील पट्टी निखळून गल्लीत पडली. कोणाला लागले नाही, पण शेजारच्या काकूंनी ती उचलून घरी आणून दिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे लिहिलेले होते ते वाचून हे काम आता पुढे ढकलता येणार नाही, हे मला उमगले.

आखाजीला धाकटी बहीण माहेरी आली होती, दादा शेतावरून आले होते आणि पुण्याहून मुलगाही आला होता, त्यामुळे या विषयावर घरात जितकी मते असू शकत होती तितकी त्या आठवड्यात मांडली गेली. मुलाचे म्हणणे होते की सगळ्या खिडक्या काढून लाकडासारख्या दिसणाऱ्या, यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या बसवाव्यात. वाळवी नाही, रंगकाम नाही, धूळ नाही. बहिणीला सागच हवा होता आणि तोही पॉलिश केलेला. दादा एवढेच म्हणाले, "शेतात उन्हात पडलेला पाइप बघ. दोन वर्षांत पांढरा पडतो आणि पाय दिला की तडकतो. तोच पाइप तू खिडकीला लावणार का?"

दादांचे निरीक्षण खरे होते, पण निष्कर्ष घाईचा होता. पीव्हीसीमध्ये मऊपणा आणणारे रसायन न घालता जे कडक प्लास्टिक तयार होते ते यूपीव्हीसी. पाइप आणि खिडकीची पट्टी या दोन्ही वस्तू त्याच कुळातल्या असल्या, तरी खिडकीच्या मालात सूर्याच्या अतिनील किरणांना अडवण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड पाइपापेक्षा बरेच अधिक घातलेले असते. लाकडासारखे दिसावे म्हणून त्यावर रेषा छापलेला पातळ पापुद्रा चिकटवतात. दुसरा पर्याय अॅल्युमिनियमचा, त्यात पावडर कोटिंगवर उष्णतेने लाकडाची नक्षी उतरवली जाते. तिसरा पर्याय डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचे मिश्रण. आणि चौथा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा, ज्यावर असाच छापील पापुद्रा असतो. चारही ठिकाणांहून मी वीतभर लांबीचे नमुने मागून आणले. सदतीस वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर नुसत्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवणे मला जमण्यासारखे नव्हते.

नमुने आणि निखळलेली सागाची पट्टी मी गच्चीवर पश्चिमेच्या कठड्याला टेकवून ठेवली. आमच्याकडच्या मे महिन्याविषयी खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही आम्हाला बातमी वाटत नाही. तापमान मोजण्यासाठी प्रथम करोनाच्या काळात घेतलेले कपाळाला रोखायचे यंत्र काढले, पण ते माणसाच्या तापापुरतेच बनवलेले असल्यामुळे गच्चीवर त्याने काही सांगण्याचेच नाकारले. मग एसी दुरुस्त करणाऱ्या भाच्याचे यंत्र आणले. दुपारी चारच्या सुमारास, हवा ४३ अंशांवर असताना, गडद तपकिरी पापुद्र्याची यूपीव्हीसी पट्टी ६६ अंशांपर्यंत गेली, तर त्याच मालाची साधी पांढरी पट्टी ५१ वरच राहिली. अॅल्युमिनियम ६३ अंशांवर होते आणि त्याची मागची, सावलीतली बाजूही जवळजवळ तितकीच तापलेली होती. सागाची हिरव्या रंगाची पट्टी समोरून ५८ आणि मागून ४६ अंश दाखवत होती.

यातून मला दोन गोष्टी समजल्या. पहिली अशी की यूपीव्हीसी साधारण ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. ६६ म्हणजे अजून सुरक्षित अंतर असले तरी ते फार मोठे नाही, आणि हे अंतर प्लास्टिकमुळे नव्हे तर त्याला सागाचा गडद रंग दिल्यामुळे कमी झालेले आहे. दुसरी गोष्ट प्रसरणाची. हे प्लास्टिक एका मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते. आमची खिडकी साडेचार फूट उंच, म्हणजे जवळपास १.४ मीटर, डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश आणि मेच्या दुपारचे ६६ अंश यांच्यातील फरक धरला तर एक उभी पट्टी साडेपाच मिलिमीटर हलते. अॅल्युमिनियम त्याच्या एक तृतीयांश हलते. विक्रेत्याला हे विचारले तेव्हा त्याने न चिडता सांगितले की पट्टीच्या पोटात लोखंडी सळई घालतात आणि चौकटीभोवती फट सोडून ती फोमने भरतात, त्यामुळे हा हिशोब त्यांनी आधीच धरलेला असतो. उत्तर प्रामाणिक होते. मी ते वहीत टिपून घेतले.

पाण्याची परीक्षा सोपी होती. सगळे नमुने रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी एमडीएफच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या, म्हणून त्याचा विचार तिथेच संपला. डब्ल्यूपीसी ठीक होते, पण हातात इतके जड लागले की जुन्या बिजागऱ्यांवर ते टांगण्याची कल्पना मला पटेना. यूपीव्हीसीवर पाण्याचा काहीच परिणाम झाला नाही.

बोरी नदीच्या पात्रातील यात्रेचा रथ पाहून बहीण सासरी गेली आणि त्यानंतर मी मिस्त्रींना बोलावले. ते सत्तरी ओलांडलेले असून अजून हाताने रंधा मारतात. त्यांनी नमुन्यांकडे पाहिले नाही, माझी वही पाहिली नाही. पटाशी काढली आणि दक्षिणेच्या झडपेचा खालचा कोपरा खरडायला सुरुवात केली. हिरव्या रंगाचे पाच-सहा थर निघाले, त्याखाली एक निळा थर आणि त्याखाली मधासारखे लाकूड. पटाशीचे टोक तळाच्या आडव्या पट्टीत लोण्यात जावे तसे गेले, पण चार बोटे वर ते जागचे हलेना. "लाकूड मरेल नही, सर," ते म्हणाले, "बूडच सडेल शे." म्हणजे लाकूड मेलेले नाही, फक्त बूड सडले आहे.

तो निळा थर पाहत असताना एक गोष्ट माझ्या डोक्यात आली, जी महिनाभर चाललेल्या वादात आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. या झडपा कोणत्याही काळी लाकडासारख्या दिसत नव्हत्या! आजोबांनी त्या निळ्या रंगवल्या, वडिलांनी हिरव्या, आणि त्यांच्यातील सागाच्या रेषा आमच्या तीन पिढ्यांनी कधी पाहिल्याच नाहीत. असे असताना चौरस फुटाला दीडशे रुपये जादा देऊन आम्ही प्लास्टिकवर सागाच्या रेषा छापून घ्यायला निघालो होतो, आणि त्या रेषांच्या गडद रंगामुळे ते प्लास्टिक १५ अंश अधिक तापणार होते. नकलेला माझा विरोध नाही, पण आमच्या घरात कधी न दिसलेल्या गोष्टीची ती नक्कल होती.

मग रूप बाजूला ठेवून झडप नेमके काय काम करते याचा विचार केला. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आधी दांडी ओढून पट्ट्या मिटायच्या. ऊन काचेतून आत शिरून मग पडद्यावर अडण्याऐवजी भिंतीच्या बाहेरच अडते. दिवे लागणीनंतर दांडी वर सारायची. पट्ट्या आडव्या होतात, वारा येतो आणि गल्लीतून आतले दिसत नाही. पाऊस आला की अर्ध्या मिटायच्या. हे सर्व काम त्या हलणाऱ्या पट्ट्यांचे आहे. यूपीव्हीसीच्या आणि अॅल्युमिनियमच्या ज्या झडपा मला तालुक्यात आणि जळगावात दाखवण्यात आल्या त्यांच्या पट्ट्या एकाच कोनात पक्क्या होत्या, नाहीतर त्या झडपाच नव्हत्या, सरकत्या काचा होत्या. हलणाऱ्या पट्ट्या बाहेरून मागवता येतील, असे एकाने सांगितले, पण त्यांच्या आतल्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटल्या तर त्या कोण देणार, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. रस्त्याकडच्या चार खिडक्यांचा निर्णय इथे झाला.

लाकूड घेणे हा मात्र वेगळा खटाटोप होता. सर्वांत आधी एका ओळखीच्या माणसाने, सातपुड्याकडचा साग बिलाशिवाय निम्म्या भावात आणून देतो, असे सुचवले. आपल्या राज्यात स्वतःच्या बांधावरचा साग तोडायचा तरी परवानगी लागते आणि तोडलेला माल हलवायचा तर वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. त्यामुळे निम्म्या भावाचा अर्थ उघड होता आणि मी नकार दिला. वखारीत बल्लारशा साग घनफुटाला ४,२०० रुपये सांगितला गेला. बाहेर देशांतून येणारा लागवडीचा साग बराच स्वस्त होता, पण त्याच्या कापलेल्या टोकावर वार्षिक वलये बोटभर अंतरावर होती आणि कडेला फिकट पांढरा भाग भरपूर होता. सागाला वाळवी लागत नाही हे गाभ्यापुरतेच खरे आहे. सालीलगतचा पांढरा भाग वाळवी आवडीने खाते, आणि पॉलिश चढल्यावर तो ओळखू येत नाही.

शेवटी मिस्त्रींनीच धुळ्याला, पाडलेल्या वाड्यांचे जुने लाकूड विकणाऱ्याकडे नेले. तिथे तुळया आणि कड्या रचलेल्या होत्या. मिस्त्री प्रत्येकीचे टोक तासून वास घेत होते आणि मी त्यांनी दिलेले लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधत होतो, कारण एक लपलेला खिळा करवतीचे पाते वाया घालवतो. घनफुटाला २,६०० रुपयांनी पाच घनफूट घेतले आणि बिल घेतले. माझी अपेक्षा होती की आठवड्यात काम सुरू होईल. पण मृग लागला होता, आणि मिस्त्रींनी कापलेल्या पट्ट्या माडीवर काटक्यांवर रचून ठेवायला लावल्या आणि दिवाळीनंतर येतो म्हणून ते निघून गेले. तो पावसाळा आम्ही पश्चिमेच्या खिडक्यांना निळी ताडपत्री बांधून काढला. मुलगा दर रविवारी फोनवर ताडपत्रीची चौकशी करीत असे.

नोव्हेंबरमध्ये काम सुरू झाले. पश्चिमेच्या दोन खिडक्यांच्या, प्रत्येकी दोन अशा, चारही झडपा नव्या केल्या. एका झडपेत २७ पट्ट्या. दक्षिणेच्या झडपांचे सडलेले बूड कापून तिथे तिरक्या सांध्याने नवा तुकडा जोडला आणि वरचे जुने लाकूड तसेच ठेवले. पश्चिमेच्या दोन खिडक्यांचा खर्च लाकूड, मजुरी, बिजागऱ्या आणि रंग मिळून ३०,५०० रुपये झाला; लाकडी नक्षीच्या यूपीव्हीसीचा भाव त्याच मापाला ९०० रुपये चौरस फुटाने सुमारे २८,४०० होता. साग परवडत नाही, हे जे आपण सर्रास म्हणतो ते निदान जुन्या लाकडाच्या बाबतीत मला खरे आढळले नाही. दर चार-पाच वर्षांनी रंगाचा खर्च येईल, हे मात्र धरायला हवे.

बहिणीच्या आग्रहाखातर पश्चिमेची एक झडप रंग न लावता पॉलिश केली. ती जानेवारीत इतकी देखणी दिसत होती की मीही डळमळलो. पारदर्शक पॉलिश मात्र अतिनील किरणे अडवत नाही. ती आत जाऊन लाकडाच्या पृष्ठभागातील बांधणारे द्रव्य मोडतात आणि वरचा थर सुटू लागतो. जून उजाडेपर्यंत त्या झडपेची बाहेरची बाजू पांढुरकी पडून पापुद्रे निघू लागले होते. आता बाहेरून हिरवा रंग आणि आतून पॉलिश आहे, आणि बहीण आली की आतल्या बाजूने पाहते.

मोरीच्या खिडकीला मी यूपीव्हीसीच बसवले, साध्या पांढऱ्या रंगाचे. तिथे ऊन नाही, दिवसभर पाणी उडते आणि जुनी चौकट दोनदा कुजली होती. त्या जागी साग लावणे हा हट्ट झाला असता. ती खिडकी एका दुपारीत बसली, ती सुबक मिटते आणि तिच्याकडे आजवर कोणाला पुन्हा पाहावे लागलेले नाही, हे मुलाने मला ऐकवले आणि मी मान्य केले.

ऑगस्ट २०२५ मध्ये, आठ दिवसांच्या झडीनंतर, पश्चिमेची एक नवी झडप चौकटीत अशी रुतली की उघडेना. लाकूड ओलावा घेऊन लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. आडव्या पट्ट्या त्यामुळे निर्धास्त फिरत होत्या, पण झडपेच्या कडेच्या उभ्या पट्ट्या रुंदीत फुगल्या होत्या. मी मिस्त्रींना फोन करून रंधा घेऊन यायला सांगितले. "आते रंधा नका मारू, सर," ते म्हणाले, "दिवाई व्हऊ द्या." दिवाळीनंतर झडप आपोआप सुटली, तरी ते आले, कडेवर बोट फिरवून पाहिले आणि अर्धा सूत, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, लाकूड काढले. आदल्या डिसेंबरमध्ये झडपा बसवताना त्यांनी तेवढीच फट ठेवली होती. "ही फट वाईट दिसते, बुजवा," असे त्या वेळी मीच त्यांना सांगितले होते.