९३ व्हाउचर, आणि त्यातली न बदललेली दोन

या मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑडिटमध्ये खरेदीच्या पेमेंटवरचं नियंत्रण तपासायचं काम माझ्याकडे आलं. नियंत्रण साधं होतं: पर्चेस ऑर्डर, स्टोअरची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि पुरवठादाराचं बिल जुळवून पाहायचं, मग खरेदीप्रमुखांची सही, आणि सही झाल्यावरच पैसे सोडायचे. वर्षभरात अशी पेमेंट साडेचार हजारांच्या आसपास.

पूर्वीच्या फायलींमध्ये दर महिन्याची चार-पाच मोठी व्हाउचर काढून तपासलेली होती. मोठ्या रकमा पाहायलाच हव्यात, पण त्यावरून उरलेल्या हजारोंबद्दल काही सांगता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती शीत कुठूनही उचललं तर, फक्त वरचं उचललं तर नाही. एसए ५३० या ऑडिटच्या मानकानुसार सांख्यिकीय सॅम्पलिंग म्हणायचं तर दोन गोष्टी लागतात: निवड रँडम हवी, आणि निष्कर्ष संभाव्यतेच्या गणितावर काढलेला हवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४३(३)(आय) खाली आर्थिक नियंत्रणांवर मत द्यायचं असताना मला हाच रस्ता धरायचा होता.

किती व्हाउचर घ्यायची, हे आधी ठरवलं. ९५ टक्के खात्री आणि जास्तीत जास्त ५ टक्के डेव्हिएशन (नियंत्रण न पाळलेली व्हाउचर) चालेल, असं धरलं. एकही डेव्हिएशन अपेक्षित नसेल तर ५९ पुरतात. खरा दर ५ टक्के असता तर ओळीने ५९ व्हाउचर स्वच्छ निघण्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून हा आकडा. मी एका डेव्हिएशनची जागा ठेवली आणि ९३ घेतली. आमच्या आर्टिकलने, म्हणजे सीएच्या प्रशिक्षणार्थीने, विचारलं, पेमेंट साडेचार हजारांऐवजी नऊ हजार असती तर दुप्पट घ्यावी लागली असती का? नाही. संच एवढा मोठा असला की त्याच्या आकाराने नमुन्याच्या आकारात जवळजवळ फरक पडत नाही. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

निवडीआधी यादी पूर्ण आहे का, हे पाहिलं. व्हाउचर नंबरांची साखळी तपासली, एकूण रक्कम लेजरशी जुळवली. यादीतच नसलेलं पेमेंट नमुन्यात कधीच येणार नाही, म्हणून इथे घाई करू नये. मग एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीसमोर रँडम आकडा, लगेच त्याचं व्हॅल्यूमध्ये रूपांतर (नाहीतर तो दर वेळी बदलतो), त्या आकड्यावर सॉर्ट, आणि वरची ९३. ही शीट तशीच वर्किंग पेपरमध्ये ठेवली.

उन्हाच्या त्या दिवसांत जुन्या फायली काढायच्या म्हणजे स्टोअरच्या लोकांना त्रासच. स्टोअरकीपर भाऊ म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढ्या फायली सोडून नेमकी हीच काहून मागून राहिल्या?" मी त्यांना शीट दाखवली. नंबर मी निवडलेला नाही, हे पटल्यावर त्यांनी मनापासून शोधाशोध केली.

एक व्हाउचर रीतसर रद्द झालेलं निघालं. रद्द केल्याचा पुरावा पाहून यादीतलं पुढचं घेतलं, कारण तिथे नियंत्रण मोडलेलंच नव्हतं. एकाची जीआरएन मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही, ते डेव्हिएशन. आणि एकावरची सही पेमेंटनंतरच्या तारखेची होती, तेही डेव्हिएशन.

अकाउंट्सचे साहेब जुने, सज्जन माणूस. म्हणाले, "रक्कम बरोबर आहे न मॅडम? माल आला, पैसे गेले. हे दोन सोडा, बाजूचे दोन घ्या." रक्कम खरंच बरोबर होती, तेही मी लिहिलं. पण तपासणी रकमेची नव्हती, कागद जुळवून सही वेळेवर होते की नाही याची होती. नको ते बाजूला काढलं की उरलेली ९१ व्हाउचर मला काहीच सांगू शकत नाहीत.

९३ मध्ये दोन म्हणजे नमुन्यातला दर २ टक्क्यांच्या थोडा वर. ऐकायला ठीक वाटतं. पण ९५ टक्के खात्रीने खऱ्या दराची वरची मर्यादा सुमारे ६.६ टक्के येते, आणि आम्ही ५ ठरवली होती. या नियंत्रणावर ठरवला होता तेवढा भरवसा ठेवता येत नव्हता. आमच्या फर्मच्या सरांनी गणित पुन्हा तपासलं आणि मान्य केलं. नमुना वाढवत न्यायचा नाही, असं ठरलं. त्याऐवजी थेट तपासणी वाढवली: पुरवठादारांकडून देणं किती बाकी आहे याची जास्त कन्फर्मेशन मागवली, वर्षअखेरच्या देण्यांची छाननी वाढवली.

कारण शोधणंही बाकी होतं. उशिरा सही झालेलं व्हाउचर खरेदीप्रमुख रजेवर असतानाचं निघालं. फोनवर होकार, पेमेंट, आणि परतल्यावर सही. बदली सही करणारा कुणी नेमलेलाच नव्हता. हे आम्ही व्यवस्थापनाला लेखी कळवलं.

जुलैपासून बदली अधिकारी नेमायचं कंपनीने ठरवलंय. म्हणून पुढच्या वर्षीच्या नियोजनात मी आत्ताच नोंद केलीये: एप्रिल ते जूनची आणि जुलैपासूनची पेमेंट हे दोन वेगळे संच धरायचे, आणि दोन्हींचे नमुने स्वतंत्र काढायचे.