आधी तुरे सुटे, मग पाण्यात

आज फ्लॉवर काढला. औषध न मारलेली भाजी म्हटली की आत कीड असणार हे धरूनच निवडायला बसावं, म्हणजे किळसही येत नाही आणि घाईही होत नाही.

अख्खा गड्डा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. तुरे इतके दाट असतात की पाणी आत नीट पोचत नाही आणि अळी बेचक्यात निवांत बसून राहते. आधी पाला काढायचा, गड्डा उलटा धरायचा आणि देठाकडून एकेक तुरा सोडवायचा. बेचक्यात हिरवट-काळे ओलसर दाणे दिसले तर ती अळीची विष्ठा. मग अळी जवळपासच असते, तो तुरा आणखी बारीक करून बघायचा.

एक लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा मीठ. तुरे दांडा वर करून सोडायचे, वर ताटली दाबायची, वीस मिनिटं पुरतात. मिठाने अळी लगेच मरते असं नाही, तिची पकड सुटते. काही वर तरंगतात, काही तळाला जातात. म्हणूनच पातेलं कधी चाळणीत उपडं करू नये, तळातलं सगळं परत भाजीवर येतं. तुरे हातांनी उचलून घ्यावेत आणि दोनदा साध्या पाण्यातून काढावेत. पालेभाजीला दहा मिनिटांच्या वर मीठ नको, पानं मलूल पडतात.

ब्रोकोलीत हिरवी अळी डोळ्यांना दिसतच नाही. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकली की अळी फिकट पडते आणि लगेच नजरेत भरते.

कोबीवरचा राखाडी मावा, म्हणजे पानाला चिकटून बसणारी बारीक कीड, मात्र नुसत्या भिजवण्याने हटत नाही. त्याच्या अंगावर मेणचट पूड असते, पाणी त्यावरून ओघळून जातं. पान पालथं करून नळाच्या धारेखाली अंगठ्याने चोळावं, फार आक्रसलेलं पान सरळ टाकून द्यावं. पानात पांढऱ्या नागमोडी रेघा असतील तर नागअळी पानाच्या आतच असते, तेवढा भाग कापायचा. वांग्याला भोक दिसलं तर चिरूनच बघावं, धुण्याचा तिथे उपयोग नाही.

हे सगळं स्वयंपाकाच्या तोंडावरच करावं, ओली भाजी ठेवली की सडते. आणि मिठाचं पाणी झाडांना घालू नये. शेवटच्या साध्या धुण्याचं पाणी कुंड्यांना चालतं.