पारोळा रोडवरचा जळालेला पिस्टन : आमची वाटचाल

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे येथे गॅरेज टाकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. मात्र ते गिऱ्हाईक ट्रकवाल्यांचे असते. 2006 साली पारोळा रोडवरच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही केवळ स्कूटरचे काम करायचे ठरवले, तेव्हा शेजारच्या डिझेल पंपवाल्याने "स्कूटरमध्ये असतं काय भाऊ, रिपेर करायला?" असे विचारले होते. पुढची दहा वर्षे आम्ही कार्ब्युरेटर साफ केले, व्हेरिएटरचे (स्कूटरच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरचे) रोलर बदलले, क्लच शू बसवले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

2016 मध्ये एप्रिलियाची एसआर 150 ही स्कूटर बाजारात आली आणि आमच्या गाळ्यासमोर गाडी वेगवान करून मागणारी वेगळ्याच प्रकारची मुले उभी राहू लागली. ती गाडी कार्ब्युरेटरची होती. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला की मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे भोक) बदलायचा, आणि तो जुळला की खालच्या आरपीएमला गाडी अडखळणार, हा खेळ आम्ही तीन वर्षे खेळलो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नवे निकष लागू झाले, नव्या स्कूटरांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, पंप हे सुटे भाग सहज मिळू लागले. त्यानंतरच आम्ही प्रोग्रॅमेबल ईसीयूच्या, म्हणजे इंजिनला किती पेट्रोल आणि कधी ठिणगी द्यायची हे ठरवणाऱ्या, हवा तसा जुळवता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, कामात खऱ्या अर्थाने उतरलो. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी झालेल्या गाडीत असे बदल करता येत नाहीत, म्हणून आमच्याकडची गाडी टेम्पोतून येते, टेम्पोतून ट्रॅकवर जाते आणि टेम्पोतूनच घरी परतते. "फक्त कॉलेजपर्यंत नेतो" म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

अमळनेरचे आप्पा हे आमचे या कामातले पहिले गिऱ्हाईक. कपाशीची शेती, डोक्यावर टोपी, स्वतः आयुष्यभर सायकल चालवलेली. परंतु पुतण्याला शर्यतीचे वेड लागले तेव्हा त्यांनी दोन एकरांच्या कपाशीचे पैसे आमच्या टेबलावर ठेवले आणि पावतीही मागितली नाही. पुतण्याच्या एसआरचा 58 मिलिमीटरचा बोअर आम्ही 62 केला, म्हणजे 154 सीसीचे इंजिन 177 च्या घरात गेले, आणि त्यावर तैवानहून मागवलेला ईसीयू बसवायला घेतला.

बसवणे म्हणजे डबा चिकटवून चार वायरी जोडणे, असा समज आजही आहे. इंजिनसोबत फिरणाऱ्या मॅग्नेटवर कारखान्याचा एकच उंचवटा असतो, तेवढ्यावर ईसीयूला क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, कुठे आहे हे नीट कळत नाही. म्हणून आम्ही लेथवर बारा दातांची रिंग कापली, त्यातला एक दात काढून टाकला आणि पल्सरचे, म्हणजे हे दात ओळखणाऱ्या सेन्सरचे, अंतर फीलर गेजने लावले. पल्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी गाडी चालू होते, पण आरपीएम चढेल तसे ठिणगीचे टायमिंग सरकत जाते. त्यामुळे स्क्रीनवर दहा अंश दिसतात म्हणून समाधान मानू नये. टायमिंग लाइट घेऊन मॅग्नेटवरची खूण हजारला आणि पाच हजारला दोन्ही वेळा पाहावी. सेन्सरची अर्थिंगची वायर आणि कॉइलची अर्थिंगची वायर एकाच बोल्टखाली कधीही आवळू नये. ऑसिलोस्कोप आम्ही जुना, सेकंड हँड घेतला. त्याचे एक बटण आजही पेन्सिलीने दाबावे लागते, पण पल्सरच्या सिग्नलवर चढलेला कचरा डोळ्यांनी दाखवणारे दुसरे साधन नाही.

मॅप, म्हणजे कोणत्या आरपीएमला किती पेट्रोल द्यायचे याचे ईसीयूतले टेबल, भरण्याचे काम स्कूटरमध्ये मोटरसायकलपेक्षा निराळे असते, कारण पूर्ण थ्रॉटलला व्हेरिएटर इंजिनला एका अरुंद आरपीएमच्या पट्ट्यात धरून ठेवतो. टेबलमधले निम्मे खाने गाडी कधी गाठतच नाही आणि मोजक्या खान्यांवर सगळा भार येतो. म्हणून आधी रोलरचे वजन पक्के करावे, मगच मॅपला हात लावावा. उलट क्रमाने केलेले काम दुप्पट होते. आम्ही धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून जानेवारीच्या थंडीत, पहाटे, आप्पांच्या शेताच्या खाजगी रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलचे मिश्रण 12.8 वर, म्हणजे एक भाग पेट्रोलला 12.8 भाग हवा असे, आणले. तीन दिवस गाडी घड्याळासारखी चालली.

2022 च्या मे महिन्यात तिने पिस्टन जाळला. शर्यत सुरू होण्याच्या रेषेवर दहा मिनिटे आयडलवर उभी राहिलेली गाडी तिसऱ्या फेरीत बंद पडली, आणि हेड उघडले तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर करंगळी जाईल एवढे भोक होते. आमच्याच रस्त्यावर, चार गाळे सोडून, एक दुकान तयार डबे विकते, जे कंपनीच्या ईसीयूचा इंजेक्टरचा सिग्नल थोडा लांबवतात आणि बाकी काही करत नाहीत. त्या दुकानदाराने त्या पिस्टनचा फोटो पुतण्याच्या मित्राकडून मिळवला आणि "यांचा ईसीयू इंजिन खातो" या ओळीसह शिरपूर ते चाळीसगाव पोहोचवला. फोटो खरा होता, हेच वाईट. जूनमध्ये ठरलेल्या सातपैकी सहा गाड्या आल्या नाहीत, दिवाळीआधी लेथ विकावे लागले, आणि आमच्या हाताखाली शिकलेला मुलगा आमच्या मॅपच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन त्याच दुकानात कामाला गेला. त्याला पगार वेळेवर मिळत नव्हता, हे मी नाकारत नाही; फायलींबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही.

त्या दिवसांत आप्पा एकदा एसटीने धुळ्याला आले. जळालेला पिस्टन त्यांनी उपरण्यात गुंडाळून आणला होता. मला वाटले, हिशेब मागतील. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नवा पिस्टन भेटी जाई, तुम्ही कसाले चिंता करतस? का जळना ते सांगा." त्या प्रश्नासाठी मी अठरा रात्री जागलो.

कारण सेन्सरच्या जागेत सापडले. आत जाणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर मी ईसीयूसोबतच्या कागदात दाखवल्याप्रमाणे मॅनिफोल्डजवळ, म्हणजे सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळीजवळ, लावला होता, आणि तेथे तो हवेऐवजी सिलिंडरची धग मोजत होता. उभ्या गाडीत बाहेरची हवा 45 अंश असताना लॅपटॉपवर 70 दिसत होते. गरम हवा विरळ असते, म्हणून ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल कमी करतो. केल्व्हिनमध्ये 318 आणि 343 यांचे गुणोत्तर काढले की सात टक्के पेट्रोल कापले गेल्याचे दिसते, आणि 12.8 चे मिश्रण 13.8 होते; पेट्रोल कमी पडले की पिस्टन जास्त तापतो. पूर्ण थ्रॉटलला लॅम्ब्डाची दुरुस्ती, म्हणजे धुरावरून पेट्रोल आपोआप सुधारणे, आम्हीच बंद ठेवली होती, त्यामुळे चूक सावरायला कोणी नव्हते. जानेवारीच्या पहाटे, पळत्या गाडीत, हे दिसणे शक्यच नव्हते. दोष डब्याचा नव्हता, दोष माझा होता. पण तो दोष शोधून काढणाराही मीच होतो, आणि फोटो फिरवणाऱ्याने ही दुसरी बाजू कोणाला पाठवली नाही.

आम्ही सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशी, पत्र्याच्या ब्रॅकेटवर, रबराच्या चकतीने धगीपासून तोडून बसवला, तापमानाच्या टेबलमधली 55 अंशांपुढची कपात सौम्य केली आणि मॅप मे महिन्याच्या भर दुपारी पुन्हा भरला. आप्पांच्या पुतण्याने पुढची दोन वर्षे त्याच इंजिनावर काढली. लेथ परत घेता आले नाही. रिंग आता बाहेरून कापून आणतो.

मागच्या महिन्यात त्या चार गाळे सोडून असलेल्या दुकानात बसवलेली एक स्कूटर वायरिंगच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आली. सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशी होता, ब्रॅकेटला आमच्यासारखेच दोन बाक होते, आणि कोपऱ्यात तेच बिनकामाचे भोक होते, जे आमच्या पहिल्या ब्रॅकेटमध्ये ड्रिल सरकल्यामुळे चुकून पडले होते.